वुड फायबर बोर्ड: भरीव भिंतीला आतून इन्सुलेशन करायचं असेल तर

विटांच्या किंवा दगडी भरीव भिंतीला आतून इन्सुलेशन करायचं म्हटलं, की बहुतेकांची पहिली नजर फॉइल लावलेल्या पीआयआर फोमवर (कडक प्लास्टिक फोमच्या पाट्यांवर) जाते. कमी जाडीत तो जास्त थंडी अडवतो. त्याची उष्णतावाहकता (W/mK; जितकी कमी तितकं चांगलं) ०.०२२ च्या आसपास, वुड फायबरची, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या बोर्डाची, ०.०४ च्या पुढेमागे. म्हणजे तेवढ्याच परिणामाला वुड फायबर जवळपास दुप्पट जाड लागतो. तरीही जुन्या भरीव भिंतीसाठी आम्ही वुड फायबरच सुचवू, आणि कारण आहे ओल.

आतून इन्सुलेशन केलं की मूळ भिंत थंड पडते. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान, १२ अंशांवर असतो. थंडीत बोर्डामागची वीट त्याहून सहज खाली जाते. फोमच्या सांध्यातून हवा मागे शिरली की तिथे पाणी धरतं, आणि फॉइलमुळे ते खोलीच्या बाजूने सुकत नाही. वुड फायबर बाष्प जाऊ देतो, थोडी ओल तंतूंत धरतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून परत सोडतो. पण बाहेरून पाणी झिरपत असेल तर हा गुण पुरत नाही. गळक्या पन्हळी, उकललेल्या दरजा, जोत्याची ओल आधी दुरुस्त करा आणि भिंत पूर्ण सुकू द्या. इथे घाई केली तर बाकीचा सगळा खर्च वाया.

जाडी किती घ्यायची? २३० मिमी विटेच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती निसटते याचं माप, W/m²K; कमी तितकं चांगलं) साधारण २ असतो. ४० मिमी बोर्डाने तो ०.७ वर येतो, ६० मिमीने ०.५ च्या जरा वर, १०० मिमीने ०.३५. सगळ्यात मोठी झेप पहिल्या ४० मिमीतच पडते. पुढे जागा जाते, आणि मूळ भिंत आणखी थंड पडल्याने हळू सुकते. ६० मिमी पुरे.

बोर्ड चांगला आहे, बिघडतो तो लावताना. जिप्समचा गिलावा, ऑइल पेंट, व्हिनाइल वॉलपेपर सगळं खरवडून काढा. ओळंबा लावून खड्डे चुन्याच्या गिलाव्याने भरा; तो थर मिलिमीटरला साधारण एक दिवस या हिशेबाने सुकतो. मग चुन्याचं चिकट मिश्रण १० मिमी दातांच्या थापीने बोर्डाच्या पूर्ण पाठीवर पसरा. चार गोळे ठेवून बोर्ड दाबण्याची पद्धत इथे अजिबात नको. मागे पोकळी राहते, तीत खोलीची दमट हवा फिरते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. खात्रीसाठी पहिलाच बोर्ड लावून लगेच ओढून काढा: पाठीवर कोरडा ठिपका दिसला तर थापी तिरकी धरली जात आहे किंवा भिंत अजून उंचसखल आहे.

सांधे विटांसारखे एकाआड एक ठेवा आणि त्यांत मिश्रण भरू नका. फट राहिलीच तर बोर्डाचीच पट्टी कापून ठोका. मिश्रण धरल्यावर चौरस मीटरला सुमारे ६ प्लास्टिक चकतीचे अँकर, पकड गिलाव्यात नाही तर विटेत. वर ५ ते ६ मिमी बेस कोट (चुन्याच्या गिलाव्याचा पहिला थर), त्याच्या बाहेरच्या भागात फायबरग्लास जाळी, १०० मिमी चढ देऊन. खिडकीच्या कोपऱ्यांवर जाळीचा एक तुकडा तिरका लावा, नाहीतर तिथून तिरपी भेग जातेच. रंग चुन्याचा किंवा सिलिकेटचा. प्लास्टिक इमल्शन मारलं की बाष्पाची वाट बंद, मग हा बोर्ड घेण्यात अर्थच उरला नाही.

सपाट भिंत झाली की काम संपलं असं समजणारे पुष्कळ. खिडकीच्या आतल्या बगला उघड्या राहिल्या तर सगळी थंडी तिथे गोळा होते आणि चौकटीला काळी बुरशी धरते. तिथे निदान २० मिमी बोर्ड बसवा. बाहेरच्या भिंतीला भिडणाऱ्या आडभिंतीवरही तो थोडा वळवून घ्या. लाकडी तुळयांची टोकं भिंतीत घुसलेली असतील तर मजल्याच्या फळ्या उचलून ती तपासा, त्यांच्याभोवतीची फट हवाबंद करा.

बोर्डाचे दोषही आहेत. पाणी सांडलं तर खालची कड फुगते, म्हणून जमिनीपासून १० मिमी सोडा. जड कपाट त्यावर टांगता येत नाही. जागा आधी ठरवून बोर्डाच्या जाडीचा लाकडी ठोकळा थेट विटेला बोल्टने बसवा आणि गिलाव्यापूर्वी त्याची मापं लिहून ठेवा.