तालुक्याचं नवीन सरकारी ऑफिस, ५ पैकी २ स्टार

दोन स्टार स्टाफला. फेरफाराचं काम नीट झालं, उगाच हेलपाटे घालायला लावले नाहीत. तक्रार आहे ती बिल्डिंगची, आपल्या कोकणात असं का बांधतात खरंच कळत नाही.

समोरची पूर्ण बाजू काचेची आणि तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट काउंटरवर, काचेतून ऊन आत येतं पण आतली गरमी बाहेर जात नाही, वर सपाट स्लॅब तापलेला आणि खिडक्या फिक्स, उघडतच नाहीत. मग एसीशिवाय गत नाही. मे महिन्यात लाइट गेली तर क्लार्क मंडळी फायली घेऊन जिन्यात येऊन बसली होती, कारण वारा फक्त तिथे. एसीची बाहेरची युनिटं खाऱ्या हवेने आत्ताच गंजलीत.

पावसात वेगळेच हाल. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा, आणि दारावर छज्जा वीतभर! रांगेतली म्हातारी माणसं कागद पोटाशी धरून भिजत उभी असतात. पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे सुटलेत आणि रेकॉर्डची कपाटं त्याच भिंतीला, सातबारे-फेरफार सगळे तिथे, त्याची जास्त काळजी वाटते.

जुनी कचेरी जांभ्या दगडाची, मंगलोरी कौलांची, चारी बाजूंनी पडवी. ऊन भिंतीपर्यंत पोचायचंच नाही, गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची, पागोळ्या बाहेर पडायच्या आणि लोक पडवीत कोरडे बसायचे. माकडं कौलं फोडायची, दरवर्षी खर्च यायचा, मान्य. पण रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघा, १९१० च्या सुमाराचा, जांभा आणि उतरती छपरं, अजून उभा आहे.

कौलंच घाला असं नाही म्हणत, आरसीसी करा ना. फक्त लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या द्या, छज्जे चांगले तीन-चार फूट काढा, आणि स्लॅबवर मध्ये हवा खेळेल असं उतरतं छप्पर. गावात ज्याने ज्याने स्लॅबचं घर बांधलं त्याने नंतर वर पत्रा टाकलाच, हे इंजिनियर लोकांना दिसत नाही का?

निदान आता पश्चिमेला शेड टाका आणि कपाटं त्या भिंतीपासून हलवा, एवढं तर या पावसाळ्याआधी होण्यासारखं आहे. कोणाचं काम असेल तर सकाळीच जा, आणि पावसात कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच न्या.