परळला फाईल घेऊन भेटणाऱ्या माणसापासून सावध राहा

माझ्या नवऱ्याच्या वीर्यतपासणीत शुक्राणू 'निल' आले. डॉक्टरांनी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी रक्ततपासणी) आणि वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळलाय का हे पाहणारी तपासणी लिहून दिली. रक्त देऊन परळला रस्त्यावर आलो, तोच एक पन्नाशीचा माणूस जवळ आला. हातात आमच्यासारखीच फाईल. "वहिनी, रिपोर्ट निल आलाय का? माझ्या मुलाचाही तसाच होता, आता नातू खेळतोय घरात." दादरच्या वैद्याचा पत्ता त्यानेच दिला, टॅक्सीने सोडायलाही आला.

वैद्याने नाडी धरली आणि "उष्णतेने बीज जळलंय" म्हणाला. भस्माचा भाव विचारला तर "तीनशे रुपये", एवढंच. सगळं खलात एकत्र कुटून झाल्यावर कळलं, तो भाव ग्रॅमचा होता. झाले ४८ हजार! नको म्हटलं तर, "कुटलेलं औषध परत होत नाही." दाराशी दोन दांडगट पोरं उभी. कार्ड चालत नाही म्हणे, त्यातला एक एटीएमपर्यंत सोबत आला. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा.

पैशांपेक्षा जास्त संताप येतो तो वैद्याच्या एका वाक्याचा: "त्या रक्ताच्या तपासण्या सोडा, पैसे उकळायचे धंदे आहेत." सगळं त्याच तपासणीवर ठरणार होतं. रिपोर्टमध्ये वाय गुणसूत्रावरचा एझेडएफसी हा शुक्राणू बनण्याशी संबंधित भाग गळालेला निघाला. जन्मतःच नसलेला भाग कोणत्याही भस्माने येत नाही. पण फक्त हा भाग गळालेल्या जवळपास निम्म्या पुरुषांच्या वृषणात सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्राणू सापडतात आणि मग इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. त्याच गुणसूत्रावरचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गेला असेल तर सहसा काहीच मिळत नाही, म्हणून डॉक्टर त्या शस्त्रक्रियेच्या वाटेला जाऊ देत नाहीत. शिवाय मुलगा झाला तर हा दोष त्याच्यातही उतरतो, हे आधीच समजून घ्यावं लागतं.

पुडी डॉक्टरांनी लगेच बंद करायला लावली. अशा भुकट्यांत टेस्टोस्टेरॉन मिसळलेलं असू शकतं, आणि बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू बनणं उलट थांबतं.

पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येते. उरलेली पुडी आणि ती चिठ्ठी आम्ही जपून ठेवलीय. तुमच्याकडे असली तर रागाच्या भरात फेकू नका, तक्रारीला जोडा.