भाड्याची शिडाची बोट: शिडं नवी, विंच मुका

शनिवार-रविवारसाठी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, न घेता नुसती बोट भाड्याने देणाऱ्या एका सेवेबद्दल लिहितेय. नाव घेत नाही. सोबत धाकटा भाऊ आणि त्याचे दोन मित्र. बोट नऊ मीटरची, एका डोलकाठीची, आत छोटं डिझेल इंजिन, झोपायला चौघांची सोय. बुकिंग सुटसुटीत, ताबा वेळेवर. शिडं नवीकोरी, गाद्यांचे अभ्रे धुतलेले. पाचपैकी तीन तारे इथेच देऊन टाकते. उरलेले दोन का कापले, ते पुढे.

आधी विंच. पुढच्या शिडाचा दोर ताणायला दोन्ही बाजूंना एकेक विंच, म्हणजे दोर गुंडाळून हँडलने फिरवायचा ड्रम, असतो आणि तो धड असला की फिरवताना आतून स्वच्छ टकटक ऐकू येते. उजवीकडचा बोलत होता. डावीकडचा मुका. आवाज करतात ते आतले पॉल, म्हणजे पेराएवढे धातूचे खटके, प्रत्येकामागे बारीकशी स्प्रिंग. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसेच. ड्रमला उलटं फिरू न देणं एवढंच त्यांचं काम. ते अडकून बसले तर ताणलेल्या शिडाचा सगळा जोर हँडलवर येतो, आणि उलट फिरलेलं हँडल मनगट मोडू शकतं. त्यामुळे 'राहू दे, चालवून घेऊ' हा भावाचा प्रस्ताव फेटाळला आणि नांगर टाकून विंच उघडायला घेतला.

उघडण्याआधी पुठ्ठ्याच्या खोक्याच्या बुडाला भोक पाडून ते विंचवर बसवलं. सर्कलिप (ड्रम जागेवर धरणारी कडी) किंवा स्प्रिंग उडाली की ती थेट पाण्यातच जाते, हा बोटीवरचा अलिखित नियम आहे. ड्रम वर काढला तर आत ग्रीसचा चिखल. कुणीतरी मोठ्या मायेने खटक्यांच्या खाचाही ग्रीसने लिंपल्या होत्या. ग्रीस लावायचं ते दात्यांना आणि बेअरिंगला, तेही पातळ. पॉलला फक्त पातळ तेलाचा थेंब, कारण ग्रीस घट्ट झालं की स्प्रिंगला तो खटका बाहेर ढकलता येत नाही. जुना टूथब्रश आणि डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन सगळं पुसून काढलं. एक स्प्रिंग वाकलेली निघाली. जादा नव्हतीच, म्हणून बारीक पक्कडीने तीच जागेवर आणली. तेल घातलं, ड्रम बसवला, हँडल फिरवलं आणि टकटक सुरू झाली. सगळ्या सहलीतलं सर्वात मोठं समाधान कोणतं म्हणाल, तर हे.

दुपारी वारा पडला, इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने मागून हाक आली, "ताई, एक्झॉस्टमधून पाणी पडत नाहीये." इंजिन थंड ठेवणारं समुद्राचं पाणी तिथूनच बाहेर पडतं, म्हणून लगेच बंद करायला लावलं. समुद्राचं पाणी आत येण्याचा कॉक उघडा होता, गाळणीही स्वच्छ, म्हणजे दोष पंपातल्या रबरी इम्पेलरचा, पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा. कव्हर काढलं तर दोन पाती गायब. तुटलेली पाती शोधावीच लागतात, नाहीतर ती पुढे हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनची उष्णता या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकतात आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. एक पातं कव्हरमागेच होतं, दुसरं पुढच्या नळीच्या वळणावर सापडलं.

आता त्यांच्या टूलबॉक्सबद्दल. जादा इम्पेलर होता, त्याचं श्रेय देते. पण कव्हरची गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पातळ चकती, नव्हती. एक पाना होता, तो बोटीवरच्या कुठल्याही नटाला बसला नाही. सिलिकॉनची ट्यूब आतल्या आत दगड झालेली. पाकीटही न फोडलेला ड्राइव्ह बेल्ट होता, पण भलत्याच मापाचा. बोटीवरच्या सामानाच्या यादीत या सगळ्यांपुढे बरोबरची खूण! शेवटी वहीच्या कागदाची गॅस्केट कापली, तिला ग्रीस लावलं, नव्या इम्पेलरला भांडी घासायचा साबण चोपडला आणि पाती फिरण्याच्या दिशेला मुडपून तो आत ढकलला. पाणी आलं. दरम्यान सेवेला फोन केला होता. पलीकडचा माणूस अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, इंजिन नसलं तरी शीड आहे ना?" वारा पडलाय हे मी दोनदा सांगितलं होतं.

संध्याकाळी मागचा पांढरा दिवा लागेना. अंधारात मागून येणाऱ्याला आपण दिसतो ते त्याच दिव्यामुळे, आणि समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तो सक्तीचा आहे. टर्मिनल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची जोडणी, हिरवं पडून गळालेलं. वायर सोलली तर तांबं काळं, अजून सोलली तरी काळंच. बोटीवर कल्हई केलेल्या तांब्याची वायर वापरतात ती याचसाठी, आणि इथे साधी घरगुती ओढली होती. चकाकतं तांबं दिसेपर्यंत कापत गेलो, नवं टर्मिनल पक्कडीने दाबून बसवलं आणि वरून माझ्या पिशवीतली सिलिकॉन टेप गुंडाळली. या टेपला गोंद नसतो, ताणून गुंडाळली की ती स्वतःलाच जुळून एकसंध होते आणि ओलाव्यालाही भीक घालत नाही. हिला मात्र पाचपैकी पाच.

तक्रार बोट जुनी असण्याची नाही. जुनी बोट मला आवडते. तक्रार अशी की फोटोत येईल तिथे खर्च केलाय, आणि जे झाकणाखाली असतं त्याला कुणी हातही लावलेला नाही. इंजिनच्या वहीत तास इमानदारीने लिहिलेत, पण इम्पेलर शेवटचा कधी बदलला याची एक ओळ नाही. परतल्यावर अनामत मात्र विनातक्रार, पूर्ण आणि त्याच दिवशी मिळाली. बिघाड नोंदवायच्या फॉर्मवर दोन ओळींची जागा होती, मी मागचं पान वापरलं.

यांच्याकडून बोट घेणार असाल तर ताबा घेताना गाद्या बघू नका. दोन्ही विंच फिरवून कान द्या, इंजिन सुरू करून मागे पाणी पडतंय का पाहा, भर दुपारी सगळे दिवे लावून बघा आणि बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट, म्हणजे तो आपोआप सुरू करणारा तरंगता खटका, हाताने उचलून बघा.

शौचालयाच्या पंपाबद्दल मी लिहीत नाही. तो भावाने दुरुस्त केला आणि त्याच्या मते तो विषय कायमचा बंद आहे.