रॉकपोर्टला रेडफिश गाइड ट्रिप: खिसा हलका, बाबा खूश, आणि माझी थोडी कुरकुर

ह्यूस्टनहून रॉकपोर्ट, म्हणजे टेक्सासच्या किनाऱ्यावरचं गाव, साधारण तीन तास, आणि सकाळी सव्वासहाला बोटीच्या रॅम्पवर हजर राहायचं म्हटल्यावर आम्ही आदल्या रात्रीच जाऊन राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. बाबा देवगडचे, वय ६९, दिवाळीला आमच्याकडे आलेले आणि आल्यापासून एकच धोशा, "इथे गरवायला कुठे जातात रे?" (गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं). अपार्टमेंटमागच्या तळ्यात दोन दिवस बसून झालं, ते काही त्यांना पटेना, मग म्हटलं होऊ दे एकदा खर्च. दोघांचे मिळून सहा तासांचे ६५० डॉलर, टिप वेगळी. बोटीवरून मासे दाखवत नेणारा गाइड, आणि रॉड, रील, गळ सगळं त्याचं, लायसन्स तेवढं आपापलं काढायचं, ते टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर एका दिवसाचंही मिळतं, पाहुण्यांना पण. गाइडचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणूस तसा वाईट नव्हता.

सुरुवातच केळ्यांवरून. बाबांनी पिशवीत चकली आणि चार केळी घेतलेली, गाइडने ती बघितली आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाला केळं बोटीवर नको, अपशकुन. मला वाटलं चेष्टा करतोय, पण खरंच गाडीत ठेवायला लावली. बाबा म्हणाले बरोबर आहे त्याचं, आपण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो ना, याचं हे असेल. चकली चालली. त्यानेही खाल्ली, दोनदा मागून घेतली.

आता मुख्य गोष्ट. रेडफिश हा तांबूस मासा, तो पकडायला खोल समुद्रात जात नाहीत. रेडफिश बे नावाचीच खाडी आहे, रॉकपोर्ट आणि पोर्ट अरान्सासच्या मधे, तिथे मैलोन् मैल पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, कुठे कुठे तर घोट्याच्या थोडं वर, आणि खाली हिरवं समुद्री गवत. बोट म्हणजे फळकुटासारखी चपटी, मागे इंजिनवर एक मचाण बांधलेलं. उथळात शिरताना गाइडने इंजिन बंद करून वर उचललं, मचाणावर चढला आणि वीसेक फुटी काठी चिखलात रोवून बोट रेटायला लागला. इंजिन का नको, तर एक म्हणजे मासा घाबरतो आणि दुसरं म्हणजे पंख्याने गवत उपटलं तर तिथे तो गुन्हा आहे, २००६ पासून. त्याच गवतात कोळंबी आणि खेकडे वाढतात, ते खायला रेडफिश येतो, म्हणजे गवत गेलं की धंदा गेला. काठी मारणं बाबांना एकदम ओळखीचं, फक्त ते मला हळूच म्हणाले, "आमी पण अशीच होडी रेटूचो, पण ६५० डॉलर कोण देयत नाय."

बाबांना पटेना ती भरती. आपल्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढतं-उतरतं, देवगडच्या माणसाचं घड्याळच ते. इथे फूटभर फरक आणि तोही वारा ठरवतो, उत्तरेचा वारा सुटला की खाडीतलं पाणी बाहेर ढकललं जातं. आमच्या आधी दोन दिवस असाच थंड वारा येऊन गेलेला, त्यामुळे पाणी कमी आणि काचेसारखं स्वच्छ.

पहिला तास नुसतं बघणं. मला वाटलं होतं गळ टाकून गप्पा मारू, तसं अजिबात नाही. गाइड वरून सांगतो, "अकरा वाजता, चाळीस फूट", म्हणजे बोटीचं नाक बारा धरायचं आणि घड्याळाच्या हिशोबाने तिकडे बघायचं. मी माझा साधा काळा गॉगल घालून बघतोय, मला घंटा काही दिसत नाही, नुसतं चमचमणारं पाणी. मग त्याने स्वतःचा जास्तीचा तांबूस काचेचा पोलराइज्ड गॉगल दिला आणि भिंतीवरचा पडदा ओढल्यासारखं झालं, गवत, वाळूचे गोल पट्टे, आणि त्यावरून सरकणारी एक तांबडी सावली. जो कोणी जाणार असेल त्याने बाकी काही नको, हा गॉगल स्वतःचा घेऊन जा.

आणि मग शेपट्या. हे मी विसरणार नाही. मासा डोकं खाली करून चिखलातला खेकडा हुसकतो तेव्हा पाणी इतकं कमी की शेपटी बाहेर येते. सकाळच्या तिरक्या उन्हात तीन शेपट्या, कडेला निळसर झाक, बुंध्याशी तो काळा ठिपका, एकदम हळू डुलतायत, जणू कुणी पाण्याखालून हात हलवतंय. आवाज नाही. गाइड कुजबुजत बोलायला लागला. रॉड सात फुटी, हलका, रील छोटं, दोरा १० पौंडाचा (म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारा), पुढे सोनेरी पत्र्याचा चमच्यासारखा गळ जो गवतात अडकत नाही. तो माशाच्या डोक्यावर टाकायचा नाही, पुढे दीड-दोन हात टाकून त्याच्या वाटेत हळू ओढत आणायचा. मी टाकला तो बरोबर डोक्यावर. पाण्यात तीन रेघा उमटल्या आणि खलास. दुसऱ्यांदा मागे पडला. तिसऱ्यांदा वाऱ्याने माझ्याच टोपीत.

बाबांनी रॉड कधी हातात धरला नव्हता, जन्मभर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बोटाला गुंडाळून गरवलेलं. पण त्यांचा अंदाज! पाचव्या फेकीला गळ बरोबर पुढे पडला, शेपटी बुडाली, पाणी फुगलं आणि रील किर्र करत सुटलं. गाइड ओरडतोय रॉड वर ठेवा, ओढू नका, पळू द्या त्याला, मी मराठीत भाषांतर करतोय, बाबा दोघांचंही ऐकत नाहीयेत. हलक्या दोऱ्याची मजा हीच, मासा अडीच किलोचा पण दोन वेळा पन्नास-साठ फूट पळाला, सात-आठ मिनिटं गेली असतील. हातात घेतल्यावर मासा पोटातून टकटक-गुर्र असा आवाज करायला लागला आणि बाबा एकदम, "अरे, हो तर ढोमो!" आणि खरंच आहे, आपली घोळ, ढोमा यांच्याच कुळातला हा. हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतो, म्हणून याचं दुसरं नाव रेड ड्रम. गाइडला मी सांगितलं की आमच्या गावाला याचे चुलतभाऊ आहेत, तो खूश.

मापला, २५ इंच. टेक्सासमध्ये २० ते २८ इंचांतलेच ठेवता येतात, माणशी दिवसाला तीन. मोठे झाले की ते खाडी सोडून बाहेर मेक्सिकोच्या आखातात जाऊन अंडी घालतात, त्यांना हात लावायचा नाही असा हिशोब (एका मोठ्यासाठी लायसन्सबरोबर टॅग मिळतो तो वेगळा). १९८० च्या दशकाच्या मध्याला न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांतून मसाला लावून काळा भाजलेला रेडफिश इतका गाजला की मासाच संपत आला. टेक्सासने त्याच्या थोडं आधी, १९८१ मध्येच, आपल्या पाण्यातल्या रेडफिशची विक्री बंद केली होती, आता हॉटेलात मिळतो तो बहुतेक मत्स्यशेतीतला. आम्ही दोन ठेवले, तीन सोडले. सोडताना बाबांचा चेहरा बघण्यासारखा, "इतके पैशे देवन मासो परत सोडूचो?"

आता कुरकुर. मला दिलेल्या रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तसा दोरा सुटू देणारा ब्रेक) गंजलेला होता, सैल केला तरी मधेच अडकायचा, माझा सगळ्यात मोठा मासा त्यामुळेच दोरा तोडून गेला आणि गाइड म्हणतो होतं असं कधी कधी. अरे ६५० घेतोस ना, मग रील खोलून धू की. दुसरं, त्या चपट्या बोटीवर ना सावली ना टॉयलेट, हे बुकिंगच्या वेळी एका शब्दाने सांगितलं नाही. ६९ वर्षांच्या माणसाला सहा तास. शेवटी एका वाळूच्या बेटावर उतरवलं, उतरताना पाय घासत चाला म्हणाला कारण वाळूत काटेवाल्या पाकट असतात, बाबांना ते सांगावं लागलं नाही, पण मुद्दा तो नाही. तिसरं, शेवटच्या तासात त्याचे फोन. मचाणावर उभं राहून उद्याच्या गिऱ्हाइकाशी बोलतोय आणि आमच्या डाव्या हाताला शेपट्या डुलतायत, त्या बाबांनी दाखवल्या, त्याने नाही. तुमच्या डोळ्यांचेच तर पैसे देतोय आम्ही, नाहीतर काठी मी पण मारली असती.

धक्क्यावर त्याने मासे साफ करून दिले, पाच मिनिटांत, हात भारी. खवल्यांसकट कातडी ठेवून तुकडे करतात, ते तसेच ग्रिलवर भाजायचे. पण डोकी उचलून पाण्यात टाकायला निघाला, खाली पेलिकन रांग लावून उभेच. बाबांनी त्याचा हातच धरला. भाषा येत नसताना इतकं स्पष्ट बोलणं मी कधी ऐकलं नाही. डोकी पिशवीत आली.

पहिल्यांदाच गळ टाकणाऱ्याने किंवा लहान मुलं असतील तर ही ट्रिप घेऊ नका, कंटाळा येईल, जिवंत कोळंबी लावून खोल पाण्यात बसवणारे गाइड तिथेच मिळतात. ज्याला बघत बसायला आवडतं त्याने जरूर. टॉयलेट आणि रील, दोन्ही आधी विचारून घ्या. माझ्याकडून पाचात साडेतीन, बाबांनी साडेचार दिले, त्यातला अर्धा चकली आवडली म्हणून.

रात्री भाड्याच्या घरात नारळाच्या डब्यातल्या दुधात डोक्याचं सार झालं, तिरफळं नव्हती म्हणून बाबा पूर्ण वेळ हळहळले. मग देवगडला फोन. मासा २५ इंचाचा हे सांगितलं, शेपट्यांचं दहा मिनिटं सांगितलं, पलीकडून किती पैसे पडले विचारल्यावर म्हणाले, "पोराक म्हायत."