नऊ महिन्यांचा पेन ड्राइव्ह आणि काल्याचं अर्धं कीर्तन

अंबाजोगाईच्या आसपास माझं मंडप आणि साउंडचं काम आहे. सप्ताहात मिक्सरवरून कीर्तनं रेकॉर्ड करायची आणि शेवटच्या दिवशी गावातल्या लोकांना पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायची, हा त्यातलाच जोडधंदा. त्यासाठी नऊ महिन्यांपूर्वी 64 जीबीचा हा ड्राइव्ह घेतला. धातूचा, टोपण नसलेला, किल्लीच्या कडीत बसणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही. कारण पुढं जो घोळ झाला त्यात तिचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

घेतल्या दिवशी संगणकावर 59 जीबीसुद्धा दिसेनात. दुकानदाराशी भांडायला निघालोच होतो. पण कंपनी 64 अब्ज बाइट मोजते आणि विंडोज 1024 च्या पटीत भागतं, त्यामुळे 59.6 च्या वर आकडा जातच नाही. ही चोरी नाही. खरी चोरी आत 8 जीबीची चिप घालून बाहेर 64 लिहिण्यात असते. म्हणून एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमनं ड्राइव्ह शेवटपर्यंत भरून परत वाचून घेतला. त्यात दोन तास मोडले, पण माल खरा निघाला.

वेग मात्र पहिली दोन-तीन जीबी जोरात आणि मग दम लागल्यासारखा. अंगही चांगलंच तापतं. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये काम केल्यावर हातात धरवत नव्हता.

दुसरी अडचण ट्रॅक्टरची. ड्राइव्ह येतो एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे आत फाइली मांडायची पद्धत) आणि आमच्या तात्यांच्या ट्रॅक्टरवरच्या टेपला कळतं फक्त फॅट-32. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्यायच येत नाही, त्यामुळे वेगळा प्रोग्रॅम वापरून करून घेतलं. फॅट-32 मध्ये एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण कीर्तनाच्या एमपीथ्रीला तेवढी लागतेय कुठं? एक गंमत सांगतो. असले टेप फाइली नावानं लावत नाहीत, ज्या क्रमानं कॉपी केल्या त्या क्रमानं वाजवतात. एकदा घाईत उलटं भरलं, तर तात्यांकडं काला पहिल्या दिवशीच झाला.

आता मूळ घोळ. सप्ताह संपला त्या रात्री मी रेकॉर्डरच्या कार्डातून फाइली कट करून थेट ड्राइव्हवर टाकत होतो. कॉपी नाही, कट. शेवटची फाइल चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासूनच मेलेली होती. लाइट आली तेव्हा दीड वाजला होता. ड्राइव्ह उपसून खिशात घातला आणि झोपलो. सकाळी केजला लग्न होतं, तिथल्यासाठी कार्ड न बघताच पुसलं. दुपारी तात्या आले, ड्राइव्ह लावला तर संगणक म्हणतो, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का?

तात्या म्हणाले, “कर की मग. उघडंना गेलंय तर ठेवून काय करतूस?”

बहुतेकांचा डेटा इथंच जातो, हे मी तेव्हाही जाणून होतो. पण माउस त्या बटणावर नेऊन ठेवलेला होता, हेही खरं.

आधी सोप्या गोष्टी केल्या. संगणकाच्या डब्याच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावला. पुढच्या पोर्टची आतली वायर सैल असते आणि असले निम्मे आजार तिथंच बरे होतात. माझा झाला नाही. भाच्याच्या लॅपटॉपवरही तीच रड. मग विंडोजमधली सगळ्या डिस्कची यादी, म्हणजे डिस्क मॅनेजमेंट, उघडलं. तिथं काय दिसतं यावर पुढचं सगळं ठरतं. ड्राइव्ह आहे पण त्याला (डी, ई असलं) अक्षर नाही, तर अक्षर द्यायचं, काम संपलं. ‘नो मीडिया’ किंवा शून्य बाइट दिसलं, तर आतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, गेला असं धरायचं, कुठलंही सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही. माझ्याकडं आकार पूर्ण दिसत होता आणि शेजारी लिहिलं होतं ‘रॉ’, म्हणजे आतली मांडणी विंडोजला ओळखू येत नाही. विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क रॉवर चालतच नाही, तसं ते सरळ सांगून मोकळं होतं.

तात्यांना म्हणालो, “तुमचा सातबारा फाटला म्हणून रान कुठं जातं का? तसंच आहे हे. कुठली फाइल कुठं, ते सांगणारा कागद खराब झालाय. फॉरमॅट म्हणजे कोरा सातबारा काढणं.” क्विक फॉरमॅट कोरा सातबारा काढून थांबतं, जुनं पीक रानात उभंच असतं. पण क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज सगळ्या रानावर शून्याचा नांगर फिरवतं.

लातूरच्या एका दुकानात फोन केला. ड्राइव्ह न बघताच तीन हजार सांगितले, वर हमी नाही. मग बिघडलेल्या डिस्कवरचा माल परत मिळवणारं टेस्टडिस्क घेतलं. फुकट आहे, दिसायला काळी खिडकी, माउस चालत नाही. यादीत आकार बघूनच ड्राइव्ह निवडायचा, नाहीतर घरच्या हार्ड डिस्कवर उपचार व्हायचे. आधी त्यातूनच ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून हार्ड डिस्कवर ठेवली, म्हणजे पुढं काही बिघडलं तरी मूळ माल शाबूत. नंतर ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन बूट बघितलं: बूट सेक्टर (मांडणीची माहिती ठेवणारा पहिला तुकडा) खराब, बॅकअप बूट सेक्टर ठीक. फॅट-32 स्वतःच सहाव्या सेक्टरवर एक नक्कल ठेवतं. ती मूळ जागी उतरवली, ड्राइव्ह काढून परत लावला, आणि सगळी फोल्डरं नावासकट समोर.

काल्याची फाइल सोडून. ती दिसत होती, आकारही पूर्ण होता, पण 41 मिनिटं वाजते आणि पुढं नुसती खरखर. टेस्टडिस्कबरोबरच येणारं, पुसलेल्या फाइली हुडकणारं फोटोरेक चालवून बघितलं. त्यानं जुन्या, पुसलेल्या गाण्यांच्या दीडशे फाइली काढून दिल्या, नावांच्या जागी नुसते आकडे. काला तिथंही 41 मिनिटांचाच. कार्डात तो शाबूत होता, ते मी स्वतः पुसलं होतं आणि वर लग्नाची चार तासांची सनई भरली होती.

त्यानंतरचे पाच महिने ड्राइव्ह नीट चाललाय. एकदा झेरॉक्सच्या दुकानातून शॉर्टकटवाला व्हायरस घेऊन आला, सगळी फोल्डरं शॉर्टकट झाली. आतला माल नुसता लपवलेला होता, विंडोजच्या ॲट्रिब कमांडनं तो लपवल्याचा शिक्का काढला. एच-टू-टेस्ट-डब्ल्यूही परत चालवलं, एक चूक नाही. कडीचं भोक मात्र झिजलंय. वॉरंटी पाच वर्षांची, पण त्यात ड्राइव्ह बदलून मिळतो, आतला माल नाही, आणि बिलाचा कागद आत्ताच पांढरा पडलाय.

पाचपैकी साडेतीन देतो, कापलेल्या दीडमधला अर्धा तापण्याचा. परत घेतला तर हाच घेईन, पण 32 जीबीचा, म्हणजे ट्रॅक्टरसाठी वेगळा प्रोग्रॅम शोधावा लागणार नाही. यूपीएसला नवी बॅटरी टाकली, ती ड्राइव्हच्या तिप्पट किमतीला पडली. तात्यांनी ती 41 मिनिटं ठेवून घेतलीत. खरखर सुरू झाली की ते टेप बंद करतात आणि पुढचं स्वतः म्हणतात.