पार्कसाठी स्की घ्यायची तर कोणती? अमळनेरवाल्याचा रिव्ह्यू

सरळ सांगतो, पार्कात, म्हणजे करामती करायच्या बर्फाच्या उतारावर, रेल (लोखंडी दांडा), बॉक्स (रुंद सपाट पेटी) आणि छोटे किकर (उडीचे उंचवटे) मारायचे असतील आणि वजन साठ-सत्तर किलोच्या घरात असेल तर लाइन कंपनीची टॉम वॉलिश प्रो घ्या, खिसा हलका असेल तर त्याच कंपनीची हनी बॅजर घ्या, आणि रील बघून बघून डोकं खराब करून घेऊ नका. रीलमधला पोरगा ज्या स्कीवर तीनदा गिरकी घेऊन उतरतो ती स्की त्याच्या पायाला, त्याच्या स्पीडला बनलेली असते, आपण तर अजून बॉक्सवर सरळ घसरायला शिकून राहिलो.

मी मूळचा अमळनेरचा, नोकरी दुबईत. मॉलच्या आत ते स्की दुबई आहे ना, २००५ पासून चालू आहे, सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा, तिथं आमचा खान्देशी पोरांचा ग्रुप जातो, भुसावळचे, चोपड्याचे, एक शहाद्याचा. बाहेर ४५ डिग्री, आत उणे, पण ४५ चं आपल्याला काय कौतुक. रेल आणि बॉक्स तिथं अधूनमधून बदलून लावतात, कधी लावलेत ते आधी विचारून जा. आता सुट्टीला गावी आलोय आणि तिकडे खोली बदलायची होती म्हणून स्कीपण घेऊन आलो, आजीने बॅग उघडताना बघितलं आणि म्हणे, "माय वो, हाई काय लई उना रे भाऊ तू?" तिला काय सांगू, पण चुलत भाऊ आणि त्याचे दोन मित्र पुढच्या महिन्यात तिकडे कामाला येताहेत, तिघंही तेच विचारताहेत की कोणती घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे की शिकेपर्यंत भाड्याचीच वापरा, पुढची टोकं जवळ आणून स्कीचा व्ही करून थांबता येत नाही तोवर स्वतःची घेणं म्हणजे पैसे उडवणं. पण रेलवर जायचं ठरलं की भाड्याची साधी स्की कामाची नाही, पुढचं टोक वळलेलं आणि मागचं जवळजवळ सपाट, म्हणजे उलटं उतरलात की मागचं टोक बर्फात रुतलं आणि तुम्ही आडवे. पार्कला ट्विन टिपच लागते, दोन्ही टोकं वळलेली. लाइन १९९५ पासून याच धंद्यात आहे, १९९८ ला सालोमन कंपनीची टेनएटी ही ट्विन टिप आली आणि मग सगळ्याच कंपन्या मागे लागल्या, २०१४ ला सोचीत स्लोपस्टाइल, म्हणजे रेल आणि जंपची स्पर्धा, ऑलिंपिकमधेही गेलं.

आता वॉलिश प्रो. पायाखाली रुंदी ९० मिमी, आत मेपलचं लाकूड, लांबी १५७, १६४, १७१, १७८ अशी मिळते. मी पाच फूट आठ इंच, माझी १७१ आहे, आणि साधा हिशोब असा की पार्कची स्की उभी धरली की नाक ते डोक्याचा माथा यांच्यामधे कुठेतरी आली पाहिजे, डोक्याच्या वर गेली तर फिरवताना जड जाते. ही ना फार मऊ ना फार कडक, टोक दाबून त्यावर तोल धरायचा म्हणजे प्रेस मारायचा तर वाकते, आणि किकरवरून थोडं मागे वजन पडून उतरलो तरी मागची बाजू सांभाळून घेते, लगेच खाली बसवत नाही, मला हिची ही एकच गोष्ट पैसे वसूल वाटते. ज्याच्या नावाने ही आहे तो स्कीवाला टॉम वॉलिश २०१६ मधे ४२४ फूट लांब रेल एका दमात घसरला होता, म्हणजे जवळपास १२९ मीटर, तेव्हा रेलसाठी बनवताना काही बघितलं असेलच ना भो.

हनी बॅजर ९२ मिमीची, अ‍ॅस्पेनचं लाकूड, मऊ, स्वस्त. पहिल्या सीझनला जो माणूस दिवसभर बॉक्सवर पडत-उठत राहणार त्याला हीच द्या, मऊ स्की चूक माफ करते. मात्र ऐंशी-पंचाऐंशी किलोचा गडी मोठ्या जंपवर नेईल तर त्याला ती वळवळल्यासारखी वाटेल. त्याच्यासाठी केटू कंपनीची पोचर, ९६ मिमी, कडक, स्पीडमधे मस्त, पण आपल्या तिथल्या ४०० मीटरच्या उतारावर तेवढा स्पीड येणारच कुठून. कोणी म्हणेल मग एकच स्की घेतो आणि गुलमर्गलाही नेतो, नका नेऊ, तिथं लोक पावडरसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, जातात आणि पावडरला १०० च्या वरची रुंदी पाहिजे, नव्वदवाली बुडते.

दुकानात कॅम्बर आणि रॉकर हे दोन शब्द कानावर पडतील. स्की टेबलावर ठेवली आणि मधला भाग किंचित उचललेला दिसला की कॅम्बर, हिला उडी मारताना ताकद आणि लँडिंगला पकड असते. रॉकर म्हणजे केळासारखी, मधे टेकलेली आणि टोकं वर, रावेरच्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. पार्कला मधे कॅम्बर आणि टोकांना थोडा रॉकर हे बरं पडतं.

खरी गोष्ट कडेची आहे पण, जी कोणी बघत नाही. खालची ती लोखंडी पट्टी, एज, रेलवर रोज तीच घासते आणि तीच तुटते. पार्कच्या चांगल्या स्कीला ती साधारण अडीच मिमी जाड असते, पातळ असेल तर नकोच. नवी आणली की पायाखालची धार मुद्दाम बोथट करायची, बारीक कानस तिरकी धरून हलक्या हाताने पुढे-मागे, मग अंगठ्याचं नख आडवं फिरवून बघायचं, नखाचा भुगा निघाला तर अजून धार आहे, नख गुळगुळीत सरकलं की झालं. पायाखालचाच भाग बरं का, टोकाकडची धार राहू द्या, नाहीतर कडक बर्फावर वळता येणार नाही. हे न करता रेलवर गेलात तर धार रेलच्या एखाद्या ओरखड्यात अडकते आणि तोंडावर आपटता.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, कुठे ठोकायचं यावर पोरं तासन्‌तास भांडतात. अगदी मध्यावर ठोकलं तर उलटं चालवणं आणि फिरणं सोपं, दोन-तीन सेंटिमीटर मागे ठोकलं तर उतरताना आधार जास्त. मी दोन मागे घेतलंय आणि नवख्याला तेच सांगेन. बाइंडिंग मार्कर कंपनीचं ग्रिफॉन पुरे, ४ ते १३ डिनचं (डिन म्हणजे पडल्यावर बूट किती जोराने सुटावा त्याचा आकडा), सत्तर किलोच्या माणसाला त्याचा अर्धा आकडाही कसाबसा लागतो, पंधरावालं घेऊन मिरवायचं असेल तर गोष्ट वेगळी. डिनचा आकडा दुकानातल्या टेक्निशियनलाच लावू द्या, वजन, उंची, वय, बुटाचा तळ सगळं विचारून लावतो तो, मित्राच्या स्क्रू ड्रायव्हरने नाही, गुडघा एकच... म्हणजे दोन आहेत पण कळलं ना. आणि ब्रेकची (बूट सुटला की स्कीला बर्फात थांबवणाऱ्या दांड्यांची) रुंदी स्कीपेक्षा थोडीच जास्त घ्या, नव्वदच्या स्कीला शंभरचा चालतो, एकशे वीसचा बर्फात घासतो.

पैसे कमी असतील तर स्की जुनी घ्या पण बूट नवे घ्या. लाइनर म्हणजे आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची, टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली तर साइज बरोबर. चपलेसारखे ऐसपैस बूट घेतले तर स्की पायाचं ऐकत नाही. बुटाचा तळ ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा रबरी, असेल तर बाइंडिंगही ते चालवणारं आहे ना ते विचारा.

गावी ठेवायची असेल तर मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत अजिबात नको, चिकटवलेले थर असतात सगळे. खाली जाड मेण लावा, ते खरवडू नका, एजवरही चढू द्या म्हणजे पावसाळ्यात गंज येत नाही, आणि आतल्या थंड खोलीत आडवी ठेवा. आमच्याकडे ती कुरडयांच्या डब्यांमागे आहे. साइडवॉल, म्हणजे स्कीची बाजूची भिंत, थोडी उकलली असेल तर एपॉक्सी भरून सुताराकडचा शिकंजा रात्रभर लावला की बसते, मात्र उकललेला भाग आधी पूर्ण कोरडा पाहिजे.

सेकंडहँड घेताना फोटोवर जाऊ नका. सीझन संपताना मागच्या वर्षीचा नवा माल स्वस्त होतो, आधी तो बघा. जुनीच घ्यायची तर एजवर नख फिरवून चिरा बघा, पायाखाली एक-दोन बारीक चिरा चालतात, पण पट्टी बाहेर आली असेल तर सोडा. मग बाइंडिंगच्या आजूबाजूला बुजवलेली भोकं मोजा, दोनदा ठोकलेली घेतली तरी चालेल, त्याच्या पुढे विकणारा कितीही दादा-भाऊ करो, हात लावू नका.