मल्टिजेट इंजिन उद्यमनगरात बांधून घेतलं: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आंबा घाटात इंजिन तापून बंद पडलं तेव्हा तापमानाचा लाल दिवा लागलाच नव्हता. रेडिएटरची टाकी चिरून पाणी आधीच वाहून गेलं होतं आणि सेन्सर कोरडा पडला होता. सेन्सरभोवती पाणीच नसेल तर तो तापमान सांगणार कशाचं? गाडी ओढून कोल्हापूरला आणली. ऑइलची कॅप उघडली तर आत दुधाळ चिखल. ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं, म्हणजे हेड (सिलिंडरांवरचं झाकण) गेलं हे तिथेच कळलं.

गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, इंजिन तेच १२४८ सीसीचं. मारुतीत डीडीआयएस, टाटात क्वाड्राजेट, फियाटमध्ये मल्टिजेट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि नव्या गाड्यांतून हे इंजिन गेलं, पण इतक्या गाड्यांत बसलंय की सामान कुठेही मिळतं. माझ्या सगळ्या निर्णयाचा पाया हाच.

अधिकृत वर्कशॉपनं इंजिन न उघडताच हाफ इंजिन (म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आतल्या पिस्टनसकट) बदलायचा अंदाज हातात दिला, दीड लाखाच्या वर. अख्ख्या गाडीला बाजारात दोन लाख आले तर नशीब. "ब्लॉक मोजून तरी बघा" म्हटलं, तर "आम्ही असेंब्लीच बदलतो." याच वर्कशॉपनं आधी कूलंटचे पैसे बिलात लावले होते आणि रेडिएटरमधून निघालं तांबूस, क्षार धरलेलं साधं पाणी. ॲल्युमिनियमच्या हेडला बोअरवेलचं पाणी पाजणाऱ्यांना मी आणखी दीड लाख देणार नव्हतो. विम्याकडे जाण्यात अर्थ नव्हता, असा यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही.

दुसरा रस्ता कुर्ल्याच्या जुन्या बाजाराचा. साठ-पासष्ट हजारांत इंजिन मिळत होतं. पण ते किती चाललंय हे विकणाराच सांगणार, शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकलं की आरटीओत नोंद, मूळ इंजिनाची कागदपत्रं, सगळं आलं. आपलाच ब्लॉक बांधला तर नंबर तोच राहतो. मिस्त्रीमामा म्हणाले, "ब्लॉक बिडाचा हाय, दमाचा हाय. टाकू नका." इंजिन उतरवलं आणि कोल्हापुरातल्याच उद्यमनगरात, इंजिनकामाच्या दुकानांत नेलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलोय ती गोष्ट. बोअरिंग, म्हणजे ब्लॉकमधले झिजलेले सिलिंडर (बोअर) कापून नव्या पिस्टनच्या मापाला आणणं. लोक पिस्टन कुठल्या कंपनीचे, ऑइल कुठलं यावर तासन्‌तास वाद घालतात आणि बोअर कोणी मारला, किती मारला हे विचारतही नाहीत. मी गेलो त्या पहिल्या दुकानात "ब्लॉक ठेवून जा, संध्याकाळी न्या" म्हणाले. पिस्टन अजून आलेच नव्हते. मी ब्लॉक उचलून परत गाडीत टाकला. आधी पिस्टन हातात हवेत. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा, त्यात क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) मिळवायचा आणि त्या मापाला त्याचा सिलिंडर काढायचा. मूळ बोअर ६९.६ मिलिमीटरचा. त्यापुढे प्रश्न मायक्रॉनचा असतो आणि मायक्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवे-उभे मोजले आणि आकडे कागदावर लिहून दिले. होनिंगनंतर (दगडानं शेवटचं घासल्यावर) भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी स्पष्ट दिसत होती. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, त्यावरच पिस्टनच्या रिंगा बसतात. गुळगुळीत चकचकीत बोअर बघून खूश होऊ नका, तो ऑइल खाणारा बोअर. ती मापांची चिठ्ठी मी आरसीबरोबर ठेवली आहे.

हेड प्रेशर टेस्टला टाकलं, तडा नव्हता. वाकलं मात्र होतं. फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) अगदी कमी घेतलं, कारण डिझेलमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागाच नसते. मग पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजनं मोजून त्या मानानं हेड आणि ब्लॉकमधलं योग्य जाडीचं गॅस्केट आणलं. दुकानदार "सगळे एकच" म्हणाला तरी ऐकू नका. हेड बोल्ट नवे, चेन किट नवं. इंजेक्टर तपासून ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरला. रेडिएटर, होस पाइप, वॉटर पंप नवे, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात. मजुरी धरून सगळं ऐंशी हजारांच्या आत बसलं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. डिपस्टिकवर ऑइल उतरताना दिसत होतं, सकाळी निळसर धूर. तेव्हा या अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला होता आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की बजेट कमी असेल तर कुर्ल्याचं इंजिन टाका, बांधायच्या भानगडीत पडू नका. ते वाक्य आज काढून टाकतोय. मामांनी सांगितलं होतं तसं केलं: उभ्या गाडीत इंजिन तासभर चालू ठेवायचं नाही, एकाच वेगात हायवे मारायचा नाही, मध्यम लोड देत, वेग बदलत चालवायची, आणि पहिलं ऑइल लवकर काढायचं. त्या पहिल्या ऑइलमध्ये चमक होती, बारीक धातूची. पुढच्या ऑइलला नव्हती. रिंगा बसल्या आणि ऑइल उतरणं थांबलं. आता एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत वरून ऑइल टाकावं लागत नाही.

मायलेज हायवेला पुन्हा वीसच्या आसपास आलं. दोन हजार आरपीएमच्या खालचा आळस तसाच आहे. तो या इंजिनाचा जन्मजात स्वभाव, बांधून जात नाही. भर उन्हाळ्यात एसी लावून, चार माणसं घेऊन त्याच घाटातून रत्नागिरीला जाऊन आलो. पावसाळ्यात गगनबावड्याकडे बऱ्याच फेऱ्या झाल्या. कूलंटच्या एक्सपान्शन टाकीतली पातळी हलली नाही. त्या टाकीत मी पातळीचा सेन्सर आणि बझर बसवून घेतला, काही शेकड्यांत झाला. पाणी कमी झालं की तापायच्या आधीच ओरडतो. तापमानाच्या दिव्यापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

एक गोष्ट मात्र पटली नाही. पैसे वाचवायला इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार) स्वस्तातली घेतली. पहिल्या महिन्यात ठीक होती, आता सिग्नलला उभं राहिलं की स्टेअरिंग थरथरतं. मामा म्हणतात चालवा अजून. मी मूळ कंपनीची मागवली आहेत, पुढच्या सर्व्हिसला बदलणार.